गंज निघतो, खड्डा राहतो: निम्म्या किमतीचं जुनं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

ज्यांना बसच्या गोंगाटात हा एपिसोड नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित आवृत्ती. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे इथे घातलेत.

आजचा विषय ऐकून काहीजण दचकतील. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, माझा आणि बंदुकीचा संबंध काय? संबंध एवढाच, की मी माझ्या मामांना एक चुकीचा सल्ला दिला आणि त्या सल्ल्यावर त्यांनी वीस हजार रुपये इसार देऊन टाकला. तो सल्ला निस्तरताना जे शिकलो, ते आज सांगणार आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना आयुष्यात रिव्हॉल्व्हर घ्यायची वेळ येणार नाही. पण सेकंड हँड बाईक, जुना कॅमेरा, जुना फ्लॅट, काहीतरी घ्यालच. तेव्हा हिशोब हाच लागेल.

झालं काय

माझे मामा सांगली जिल्ह्यात द्राक्षाचा व्यापार करतात. हंगामात रात्री-अपरात्री फिरावं लागतं, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज करून रिव्हॉल्व्हरचं लायसन्स मिळवलं. रिव्हॉल्व्हर असावं की नसावं, तो वाद आज नको. लायसन्स मिळालं आणि हत्यार घेण्याची मुदत पळायला लागली.

तेवढ्यात चिपळूणच्या एका ओळखीच्या आबांचा निरोप आला. वय अठ्ठ्याहत्तर. वडिलांच्या काळचं विलायती बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर त्यांना विकायचं होतं. किंमत दीड लाख, म्हणजे डीलरने तसल्याच रिव्हॉल्व्हरची जी सांगितली होती तिच्या निम्मी. एकच खोट होती, नळीला गंज. आबांनी ते आपणहून सांगितलं: "२०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावरच्या कपाटात होतं. भिजलं."

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलंय. त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. मामांनी मला फोन केला, मी दोन व्हिडिओ बघितले आणि म्हटलं, "घ्या मामा. गंजच तर आहे, साफ होईल. निम्म्या किमतीत मिळतंय."

या तीन वाक्यांत माझी चूक आहे.

गंज म्हणजे नेमकं काय

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो, हे शाळेत झालंय. पण यातली महत्त्वाची गोष्ट आपण विसरतो. गंज हा लोखंडावर बसलेला मळ नाही, तो लोखंडातूनच तयार झालेला असतो. फरशीवरची धूळ पुसली की खाली फरशी पूर्वीसारखीच असते. गंज पुसला की खाली तेवढं लोखंड कमी झालेलं असतं. वर गंज जागा जास्त व्यापतो, फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

म्हणून "गंज किती आहे?" याच्याही आधी विचारायचं, गंज काढल्यावर खाली काय आहे? वरवरचा तांबूस थर असेल तर तेल आणि पितळी ब्रशने निघतो आणि नळी बरीचशी सरळ सापडते. खोल गेलेला असेल तर खाली खड्डे सापडतात. खड्डा घासून निघत नाही. तो काढायचा तर आजूबाजूचं लोखंडही तेवढंच खरवडावं लागेल, म्हणजे नळीच मोठी होईल.

दुसरी गोष्ट मीठ. जुन्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. गोळी सुटली की त्याचं पोटॅशियम क्लोराईड होऊन आत राहायचं, म्हणजे साध्या मिठाचा चुलतभाऊ. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या हवेत तर विचारूच नका. हे मीठ तेलाने जात नाही, पाण्यानेच विरघळतं. म्हणून जुने जाणते लोक गोळीबारानंतर नळी आधी गरम पाण्याने धुवायचे, कोरडी करायचे आणि मग तेल लावायचे. ज्याने पाणी वगळून फक्त तेल लावलं, त्याच्या नळीत तेलाखालीच गंज चालू राहिला.

तिसरी गोष्ट चामड्याचं कव्हर. दिसायला झकास, पण चामडं ओलावा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली रसायनंही त्यात असतात. रिव्हॉल्व्हर वापरताना कव्हरमध्ये ठीक, पण वर्षानुवर्षं ठेवायची ती जागा नव्हे.

कोल्हापूरला काय दिसलं

मामांना सल्ला दिल्यावर आठवड्याने मी थोडं वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी आबांना फोन करून विनंती केली, की एकदा लायसन्सवाल्या कारागिराला दाखवू. आबा तयार झाले. त्यांचं लायसन्स राज्यभर चालणारं, त्यामुळे ते स्वतः हत्यार घेऊन कोल्हापूरला आले. मिस्त्री साठीच्या पुढचे, परवानाधारक. मी हत्याराला हात लावला नाही, लावायचाही नव्हता. माझ्याकडे काम एकच, मोबाईलचा टॉर्च धरायचं. आणि मी ऑनलाइन मागवलेला, फोनला जोडायचा साडेपाच मिलिमीटरचा कॅमेरा नेला होता. बत्तीस बोरची नळी आतून आठ मिलिमीटरच्या जरा आत असते, त्यामुळे तो बसतो.

मिस्त्रींनी ज्या क्रमाने पाहिलं, त्याच क्रमाने सांगतो.

पहिलं, रिव्हॉल्व्हर मधून मोडून सहाही घरं रिकामी आहेत का ते डोळ्यांनी आणि बोटानेही पाहिलं. त्याआधी कोणीही नळीत डोकावायचं नाही.

दुसरं, आतलं सगळं तेल कोरड्या चिंधीने पुसून काढलं. भरपूर तेल लावलेली नळी चकचकीत दिसते, खड्डेही तेलाने भरून जातात. पुसल्यावर खरं रूप दिसतं.

तिसरं, मागच्या बाजूला पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारला. कागदावरून परतलेल्या उजेडात आतले आटे स्पष्ट दिसतात. सरळ टॉर्च मारला तर डोळे दिपतात आणि काहीच कळत नाही. माझ्या कॅमेऱ्यात तर नळी चंद्रावरच्या खड्ड्यांसारखी दिसत होती. मिस्त्री हसले, "यात नवी नळी बघितलीस तरी घाबरशील." मोठं करून पाहिलं की कारखान्यातल्या हत्यारांचे ओरखडेही भयानक दिसतात. कॅमेरा जागा शोधायला चांगला, निकाल द्यायला नाही.

चौथं, खड्डे कुठे आहेत? नळीच्या मधोमध थोडे खड्डे असतील तर नळी लवकर घाण होते, साफ करायचा त्रास वाढतो, नेम थोडा बिघडू शकतो. त्यावर किंमत कमी करून घेता येते. पण नळीचं तोंड, नळीची सुरुवात आणि सिलिंडरची घरं या जागा नाजूक. तोंडाशी खड्डा असेल तर गोळी बाहेर पडताना सगळीकडून सारखी सुटत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सिलिंडरमधून उडी मारून नळीत शिरते, म्हणून नळीची सुरुवात गुळगुळीत लागते. आणि घरांमध्ये दाब सर्वांत जास्त असतो. तिथे खड्डे असतील तर काडतुसाचं पितळ फुगून त्यात रुतून बसतं, रिकामं काडतूस निघता निघत नाही.

आबांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मधली नळी बरी होती. खड्डे होते ते नळीच्या सुरुवातीला आणि सहापैकी दोन घरांत.

पाचवं, तोंडापासून साधारण इंचभर आत एक काळसर कडं दिसत होतं. मिस्त्रींनी नळीवरून बाहेरून बोट फिरवलं, मग मामांना फिरवायला सांगितलं. किंचित उंचवटा लागत होता. याचा अर्थ कधीतरी एक गोळी आत अडकली आणि तिच्यामागून दुसरी सुटली. नळी तिथे फुगली.

मिस्त्रींनी आबांकडे बघितलं. आबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "वडिलांच्या वेळी झालं होतं तसं. जुनी काडतुसं होती. मला वाटलं, त्याचं आता काय."

आबा खोटं बोलले नव्हते. पूर आला होता, रिव्हॉल्व्हर भिजलं होतं. पण पुराचं पाणी सगळीकडे सारखं लागतं, ते दोनच घरं आणि नळीची सुरुवात निवडून खात नाही. तिथलं नुकसान पुराच्या कितीतरी आधीचं, मिठाचं होतं. खऱ्या कारणाच्या पाठीमागे दुसरं कारण लपू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सहावं, फ्रेमवरचा नंबर. पुरानंतर घरातल्या कुणीतरी पॉलिश पेपरने गंज घासला होता आणि शेवटचा आकडा पुसट झाला होता. हे मला सगळ्यात किरकोळ वाटलं, पण तसं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे हत्यारावरची ओळखखूण पुसणं गुन्हा आहे, आणि खूण पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असं धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करणं त्याच्यावर. आज पुसट असलेला आकडा उद्या गंजाने पूर्ण गेला, तर उत्तर मामांना द्यावं लागलं असतं.

मग हिशोब कसा करायचा

प्रत्येक दोषाला एकच प्रश्न विचारायचा: हा निघेल, बदलता येईल, की असाच राहील?

निघेल तो दोष म्हणजे वरवरचा गंज. त्याचा खर्च किमतीतून वजा करा. बदलता येईल तो भाग असेल, तर भाग मिळतो का हे आधी विचारा. परदेशी हत्यारं खासगी माणसाने आयात करणं आपल्याकडे १९८० च्या दशकातच बंद झालं. त्यामुळे अशा जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरची नळी किंवा सिलिंडर दुकानात मिळत नाही, आणि दुरुस्तीही परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागते. म्हणजे जे कागदावर "बदलता येईल" होतं, ते "असंच राहील" मध्ये गेलं. आणि असाच राहणारा दोष जर दाबाच्या जागी असेल, तर कितीही सूट मिळाली तरी ती पुरत नाही.

मामांच्या बाबतीत अजून एक गोष्ट होती. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. मामांकडे शेतावरची बारा बोर आहेच. म्हणजे दीड लाखाबरोबर त्यांची शेवटची जागाही जाणार होती, आणि तीही ज्याची दोन घरं भरवशाची नाहीत अशा हत्याराला.

मामा आधी तडकले. "अरं, मी शब्द दिलाय त्यांना! तूच म्हणालास घ्या म्हणून. आता घ्यायचं का न्हाई, एक काय ते सांग!"

मी म्हटलं, "नाही घ्यायचं. आधी चुकलो होतो."

घाई होती असंही नाही, हे मला नंतर कळलं. एका लायसन्सधारकाने दुसऱ्याला हत्यार विकायचं असेल, तर कलम ५ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं, घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह. त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय हत्यार देता येत नाही. तपासायला कायद्यानेच दीड महिना दिलेला होता. इसार देण्याची गडबड आमची आम्हीच केली होती.

आबांनी इसार तिथेच परत करायला काढला. मामांनी पाच हजार त्यांच्याकडेच ठेवले, चिपळूणहून येण्या-जाण्याचा खर्च म्हणून. आबा नको म्हणत होते. जाताना त्यांनी मिस्त्रींना विचारलं, "मी तरी याचं काय करू?" मिस्त्री म्हणाले, "आता यातून गोळी सोडू नका. नंबर आहे तोवर लायसन्ससकट पोलीस ठाण्यात जमा करा."

मामांनी मुदत वाढवून घेतली आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवं बत्तीस बोर घ्यायचं ठरवलं. महाग पडलं. माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, मग द्राक्षाची पेटी पाठवली.

तुमच्या घरात कुणाचं लायसन्सवालं जुनं हत्यार असेल, तर एवढं त्यांना जरूर सांगा: चामड्याच्या कव्हरमध्ये कायमचं ठेवू नका, पॉलिश पेपर लावू नका, गंज काढायचं ॲसिडचं औषधही नको, कारण हत्याराचा मूळ काळा रंग हासुद्धा लोखंडाचा ऑक्साईडच असतो आणि तोही त्यात जातो. आणि काही शंका आली, तर व्हिडिओ बघून पुतण्या-भाच्याने दिलेला सल्ला घेऊ नका.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तुम्ही जुनी वस्तू घेताना कुठे फसलात किंवा थोडक्यात वाचलात, ते व्हॉइस नोटने नक्की कळवा.