घोड्याचे वर्ष वैशाखात सुरू होते

चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला तोशीस लागू देऊ नका, या ताकिदीसाठी ते नेहमी सांगितले जाते. मी पशुवैद्य असल्याने मला त्यात आधी घोडे दिसतात. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मन मानेल तसे उधळले तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा रोख आहे. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत त्यात विचार केलेला आहे. प्रतिबंधक अश्ववैद्यकावरचा याहून चांगला मराठी मजकूर माझ्या वाचनात नाही.

या विद्येची भाषाही आपल्याकडे होती. दाण्याला चंदी, गवत-कडब्याला वैरण, अंग घासण्याला खरारा, तोंडाला बांधायच्या पिशवीला तोबरा, घोडा सांभाळणाऱ्याला मोतद्दार. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानलेल्या शालिहोत्राच्या नावावरून तो शब्द आला. मुंबईत १८८६मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाल्यावर सालोत्री हळूहळू मागे पडला. तोबरा मात्र अजून आहे.

शर्यतीच्या घोड्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, त्यांच्या दिमतीला डॉक्टर असतात. माझा संबंध आला तो डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणी भाड्याने चालणाऱ्या, वरातीत नाचणाऱ्या आणि टांग्याला जुंपलेल्या घोड्यांशी. माथेरानसारख्या मोटारींना बंदी असलेल्या गावात एका घोड्यावर एक घर चालते. तिथे घोडा आजारी पडणे म्हणजे उत्पन्न थांबणे, आणि उत्पन्न थांबल्यावर पहिली कात्री लागते ती चंदीला.

घोड्याच्या पोटाची रचना विचित्र आहे. गाय चार कप्प्यांच्या पोटात वैरण मुरवते आणि रवंथ करते. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने अगदी लहान, आणि गवत कुजवून पचवण्याचे काम मागे, मोठ्या आतड्यात. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. म्हणून मोकळा घोडा दिवसातले चौदा-सोळा तास थोडे थोडे खात राहतो. आपण त्याला हंगामात दिवसभर उपाशी पळवतो आणि रात्री हरभऱ्याचा भरलेला तोबरा बांधतो. पोटशुळाची निम्मी कारणे या एका वाक्यात आली. तीनशे किलोच्या तट्टाला रोज पाच-सहा किलो कोरडी वैरण लागते. चंदी त्यावर, कामाच्या मानाने, आणि दोन-तीन वेळा वाटून. सुट्टीच्या दिवशी ती निम्म्यावर आणावी. बसून पूर्ण चंदी खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला जुंपला की पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक होऊन जागीच थांबतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. मालकाला वाटते वारे गेले.

वैशाखात वैरण भरून ठेवायची ती यासाठी. जुलैत भिजलेली, बुरशी आलेली गंजी स्वस्तात मिळते, आणि तीच सर्वात महाग पडते. पोटशूळ आणि खोकला दोन्ही तिच्यातून येतात.

पावसाळ्यात खुरांकडे पाहावे लागते. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुढचा भाग पूर्ण नवा व्हायला वर्षाच्या आसपास काळ जातो. नालबंदाने पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर छाटला पाहिजे, नाल झिजलेला नसला तरी. ‘अजून नाल चांगला आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर वाद घालणे सोडून मी थेट नालबंदाला बोलावतो. चिखलात आणि लिदीत उभ्या घोड्याच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग काळा पडून सडतो. त्याचा वास लांबूनच येतो. रोज संध्याकाळी आकडीने तळवे साफ करणे आणि उभे राहायला कोरडी जागा देणे, एवढाच त्यावर उपाय.

पावसाबरोबर गोमाश्या येतात आणि त्यांच्याबरोबर सर्रा. डेरा इस्माईल खान येथे १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म जीव दिसला. हाच रोगाचे कारण, असे त्याने म्हटले तेव्हा वरिष्ठांना ते पटले नाही. पुढे त्या जीवाला इव्हान्सचेच नाव मिळाले. गोमाशी आजारी जनावराचे रक्त पिता पिता उठते आणि ओल्या सोंडेने शेजारच्याला चावते, इतका हा प्रसार सरळ आहे. ताप येतो-जातो, पोटाखाली व पायांवर सूज येते, आणि घोडा खात असूनही वाळत जातो. हे ‘खात असूनही’ फसवे आहे, त्यामुळे रक्त तपासायला महिना उशीर होतो. जिथे हा रोग दरवर्षी येतो तिथे पावसाआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने क्विनापायरामिनचे प्रतिबंधक इंजेक्शन देता येते.

पाऊस ओसरला की जंतांचा विषय निघतो. इथे जुना सल्ला बदलला आहे. ड्रज आणि लायन्स या अमेरिकन संशोधकांनी १९६६मध्ये दर दोन महिन्यांनी जंताचे औषध देण्याची पद्धत मांडली, आणि ती जगभर गेली. तेव्हाच्या घातक जंतांना त्याने आळा बसला, पण लहान जंत औषधाला निर्ढावले. आता लीद तपासून अंडी मोजायची आणि गरज असेल त्यालाच औषध द्यायचे, असा प्रघात आहे. कळपातले थोडे घोडेच बहुतेक अंडी टाकतात, असे वारंवार आढळले आहे. ते थोडे कोणते हे सूक्ष्मदर्शक सांगतो, चेहरा नाही.

थंडीत दात आणि लसी. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, आणि वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्याने कडांना सुरीसारखी धार येते. चघळलेल्या वैरणीचे गोळे खाली पडू लागले की समजावे, गाल कापला जातोय. वर्षातून एकदा कानस लावली की काम झाले. धनुर्वाताची लस तर टाळूच नये. त्याचे जंतू घोड्याच्याच लिदीत आणि ठाणाच्या मातीत असतात, आणि पाळीव जनावरांत या विषाला सर्वात लवकर बळी पडतो तो घोडा. सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, मग वर्षाला एक. भटकी कुत्री असतील तिथे रेबीजचीही.

ग्लँडर्सला मात्र लस नाही. नाकातून चिकट पू, पायांच्या आतल्या बाजूने माळेसारख्या गाठी आणि त्या फुटून होणारे व्रण ही त्याची लक्षणे. माणसालाही तो होतो आणि जिवावर बेततो. दीर्घ खंडानंतर २००६मध्ये तो देशात पुन्हा दिसला तो आपल्याकडेच, पुणे आणि पाचगणी भागात. आधी १८९९चा आणि आता २००९चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे: रोगनिदान पक्के झाले की उपचार नाही, घोड्याला वेदनारहित मरण द्यायचे, प्रेत विल्हेवाटीला लावायचे, परिसरातील घोड्यांची ने-आण थांबवायची. शास्त्राच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पण ज्याचे घर त्या घोड्यावर चालते त्याला रक्ताची नळी हा फाशीचा कागद वाटतो. गाठ दिसली की तो डॉक्टरकडे येण्याऐवजी घोडा रातोरात दुसऱ्या गावी हलवतो किंवा विकून टाकतो, आणि रोग त्याच वाटेने पसरतो. नुकसानभरपाईची तरतूद आहे. माझ्या मते ती बाजारभावाने आणि आठवड्याच्या आत हातात पडली पाहिजे, कारण ती मदत नसून रोगप्रतिबंधाचाच भाग आहे. लसीवर खर्च करताना आपण मालकाची पात्रता तपासत बसत नाही.

मार्गशीर्षात सारंगखेड्याला आणि माळेगावला घोड्यांचे बाजार भरतात. खरेदी पायांची चाल, भोवरे आणि रंग पाहून होते. नाकपुडीत कोणी डोकावत नाही. तिथून घोडा आणणाऱ्याला मी इतकेच सांगतो: रक्ततपासणीचा अहवाल येईपर्यंत, आणि निदान तीन आठवडे, तो घरच्या घोड्यांपासून दूर बांधा. सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. साडेअडतीस सेल्सिअसच्या वर गेला तर फोन करा. त्याचा खरारा वेगळा, तोबरा वेगळा, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पाण्याची बादली वेगळी. बादलीला लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे घरातले पोर घाईत चुकीची उचलणार नाही.