मागच्या बाकाचा कौल

मुशायऱ्यात शेर आवडला की लगेच दाद मिळते, नाही आवडला तर शांतता पसरते. कवीला तिथल्या तिथे कळतं. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला मात्र ते परीक्षेनंतरच कळतं. आम्ही नांदेडला बी.ए.ला असताना सर विचारायचे, ‘समजलं का?’ सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, ‘हो सर!’ समजलं नाही म्हणायची लाज वाटायची. खेड्यातून एस.टी.नं येणारी मुलं तर वर्षभर तोंड उघडत नसत. त्या ‘हो’चा खरा अर्थ निकालाच्या दिवशी कळायचा.

या मुकेपणावर एक उपाय आहे, क्लिकर. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, तेव्हा प्रेक्षकांचा कौल कसा घेतात हे आपण पाहिलं. तीच ही युक्ती. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती रिमोटसारखं छोटं यंत्र असतं. पडद्यावर प्रश्न आणि पर्याय येतात. ज्याला जे पटेल ते बटण तो दाबतो. संगणकाला जोडलेला रिसीव्हर उत्तरं टिपतो आणि कोणत्या पर्यायाला किती मतं पडली, ते पडद्यावर दिसतं. कुणी काय दाबलं हे वर्गाला कळत नाही, त्यामुळे हसू होण्याची भीती नाही.

मित्रहो, खरी गंमत पुढेच आहे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून एक पद्धत रुजवली. समजा, प्रश्न असा आहे : उसानं भरलेला ट्रक आणि स्कूटर यांची धडक झाली, तर कुणाचा दुसऱ्यावर जोर अधिक? बरेच जण ‘ट्रक’ म्हणतील. मतं अशी विभागली की शिक्षक लगेच उत्तर सांगत नाहीत. ‘शेजाऱ्याला पटवून द्या,’ म्हणतात. दोन-तीन मिनिटं वर्ग गजबजतो आणि पुन्हा कौल घेतला जातो. मग उलगडा होतो : न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जोर दोन्हींचा सारखाच. स्कूटर उडते, कारण ती हलकी.

‘लातूर पॅटर्न’च्या आपल्या भागाला पर्यायी प्रश्न नवे नाहीत. पण सराव परीक्षेत ते गुण मोजतात, इथे ते गैरसमज उघडा करतात, आणि तोही वेळेत.

यंत्रं परवडत नसतील तरी अडत नाही. कॅनडातले प्राध्यापक नॅथॅनियल लास्री यांनी २००८ मध्ये क्लिकर आणि साधी पुठ्ठ्याची कार्डं यांची तुलना केली. शिकण्यात विशेष फरक आढळला नाही. आता तर ‘प्लिकर्स’ नावाची छापील कार्डं निघाली आहेत. कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तर ठरतं आणि शिक्षकाचा एकच मोबाइल ते वाचतो. विद्यार्थ्याकडे मोबाइल नसला तरी चालतं.

मात्र निम्मा वर्ग चुकलेला दिसल्यावर पुढचा धडा थांबवायची तयारी हवी. पोर्शन थोडा मागे पडेल. पण मागच्या बाकावरच्या पोराचं ‘नाही समजलं’ निकालाआधी ऐकू येईल.