मार्गदर्शिकेच्या संकेतस्थळावरील साइडबार : क्रम, वर्गीकरण आणि वाचक

प्रस्तावना

एखादी संगणकप्रणाली कशी वापरावी हे सांगणारी मार्गदर्शिका पूर्वी छापील पुस्तकाच्या रूपात मिळत असे. तिच्या आरंभी अनुक्रमणिका आणि शेवटी शब्दसूची असे. आज अशी मार्गदर्शिका संकेतस्थळाच्या रूपात उपलब्ध असते आणि अनुक्रमणिकेचे काम पानाच्या डाव्या बाजूस सतत दिसणारी सूची, म्हणजेच साइडबार, करतो. या दोहोंत एक मूलभूत फरक आहे. पुस्तक हाती घेणारा वाचक बहुधा आरंभापासून पाने उलटतो. संकेतस्थळावर येणारा वाचक मात्र पुष्कळदा शोधयंत्रातून थेट मधल्याच एखाद्या पानावर उतरतो. हे पान कोणत्या प्रकरणातील आहे, त्याआधी काय वाचावयास हवे होते आणि पुढे काय आहे, हे त्याला मुख्यतः साइडबारवरूनच कळते.

हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित नाही. समजा, एखाद्या महाविद्यालयाने परीक्षा अर्ज, अंतर्गत गुणांची नोंद, मूडलवरील अभ्यासक्रम इत्यादी कामांची मार्गदर्शिका संकेतस्थळावर ठेवली. तीत ज्याला माहिती सापडत नाही तो वाचक सहसा तक्रार करीत नाही. तो कार्यालयातील जाणकार लिपिकाला विचारून मोकळा होतो. असे वर्षानुवर्षे चालते आणि लिपिक निवृत्त झाला की लिहून ठेवलेली माहितीही नसल्यासारखीच होते. प्रस्तुत लेखात अशा संकेतस्थळाचा साइडबार कसा उभारावा याची मांडणी डॉक्युसॉरस या प्रणालीच्या आधारे केली आहे.

यंत्राने लावलेला क्रम आणि हाताने लावलेला क्रम

डॉक्युसॉरस ही फेसबुकने २०१७ मध्ये खुली केलेली मुक्त-स्रोत प्रणाली होय. तिची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये व तिसरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखकाने मार्कडाउन या सोप्या पद्धतीने फायली लिहावयाच्या आणि प्रणालीने त्यांपासून संकेतस्थळ तयार करावयाचे, अशी तिची कार्यपद्धती आहे. साइडबारचे वर्णन 'साइडबार्स डॉट जेएस' या एका फायलीत केले जाते आणि ते करण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात साइडबार आपोआप तयार होतो. प्रत्येक फोल्डर एक विभाग बनतो व त्यातील प्रत्येक फाइल एक नोंद बनते. फायलीच्या माथ्याशी 'साइडबार पोझिशन' असा क्रमांक दिला असल्यास त्यानुसार, अन्यथा फायलीच्या नावाच्या अकारविल्हे क्रमाने नोंदी लागतात. विभागाचे नाव व स्थान त्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या 'कॅटेगरी' नावाच्या छोट्या फायलीतून ठरविता येते. दुसऱ्या मार्गात संपूर्ण यादी हाताने लिहावयाची असते: कोणता विभाग, त्याखाली कोणती पाने, कोणत्या क्रमाने.

पहिला मार्ग सोपा आहे, आणि त्याचा धोकाही या सोपेपणातच आहे. फोल्डरची रचना लेखकाच्या सोयीने झालेली असते. कोणी काय केव्हा लिहिले याचा इतिहास तीत उमटलेला असतो आणि यंत्र तोच इतिहास वाचकापुढे अनुक्रमणिका म्हणून ठेवते. शिवाय पानाच्या तळाशी दिसणारी 'मागील' व 'पुढील' ही बटणे साइडबारच्या क्रमावरूनच तयार होतात. म्हणजे हा क्रम केवळ शोधण्याचा नसून वाचनाचाही आहे. 'गुणांची दुरुस्ती' हे पान 'गुणांची नोंद' या पानाच्या आधी लागले, तर नवखा प्राध्यापक दुरुस्ती आधी वाचणार.

दुसऱ्या मार्गाचा दोष निराळा आहे. अस्तित्वात नसलेल्या पानाचे नाव यादीत लिहिले तर डॉक्युसॉरस त्रुटी दाखवून थांबते; परंतु अस्तित्वात असलेले पान यादीत लिहावयाचे राहिले तर ते पान निमूटपणे तयार होते. त्याला पत्ता मिळतो, साइडबारमधील जागा मात्र मिळत नाही. पायथॉनच्या मार्गदर्शिकेसाठी निर्माण झालेली आणि २००८ पासून उपलब्ध असलेली स्फिंक्स ही प्रणाली या बाबतीत अधिक काटेकोर म्हणावी लागेल. कोणत्याही अनुक्रमणिकेत नसलेली फाइल आढळताच ती इशारा देते.

यास्तव मिश्र पद्धती सर्वांत हितावह ठरते. वरचा स्तर, म्हणजे विभाग व त्यांचा क्रम, हाताने लिहावा आणि प्रत्येक विभागाच्या पोटातील पाने त्या त्या फोल्डरमधून आपोआप घेण्याची सूचना द्यावी. डॉक्युसॉरसमध्ये याची सोय आहे. त्यामुळे नवीन पान हरवत नाही आणि विभागणीचा निर्णयही यंत्राच्या हाती जात नाही.

एक पान, एक जागा

विभागणीचा निर्णय हा खरे पाहता ग्रंथालयशास्त्राचा जुना प्रश्न आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. वाचकाचा वेळ वाचविणे हा त्यांपैकी चौथा. ग्रंथ एका वेळी एकाच फडताळावर राहू शकतो, परंतु तालिकेत त्याच्या अनेक नोंदी असू शकतात, हे ग्रंथपालांना नव्याने सांगावयास नको. साइडबारमध्ये फडताळ आणि तालिका एकत्र आल्यामुळे घोटाळा होतो. 'अंतर्गत गुणांची नोंद' हे पान 'शिक्षकांसाठी' या विभागात ठेवावे की 'परीक्षा' या विभागात? दोन्हीकडे ठेवल्यास कोणत्या जागेवरून 'पुढील' पान ठरवावयाचे, असा प्रश्न प्रणालीपुढे उभा राहतो. डॉक्युसॉरसमध्ये यासाठी पानाची मूळ जागा एकच ठेवून अन्यत्र 'रेफ' या प्रकारची नोंद करता येते. ही नोंद पानाकडे नेते, परंतु त्या पानाचा साइडबार बदलत नाही. तालिकेतील 'पाहा' या संदर्भपत्राचेच हे रूप होय.

वरील उदाहरणात आणखी एक दोष दडलेला आहे. 'शिक्षकांसाठी' हा विभाग वाचकावरून पडलेला आहे, तर 'परीक्षा' हा कामावरून. एकाच स्तरावर विभाजनाची दोन तत्त्वे मिसळली की प्रत्येक पानाला दोन घरे संभवतात. महाविद्यालयीन संकेतस्थळांवर त्यात तिसऱ्या तत्त्वाची, म्हणजे कार्यालयीन विभागांची, भर पडण्याचा धोका असतो. प्रवेशपत्र कोणत्या खिडकीवर मिळते हे ज्याला ठाऊक आहे त्याला मार्गदर्शिकेची गरज तशीही थोडीच असते. पहिल्या स्तरावर एकच तत्त्व निवडावे, आणि शक्यतो ते कामाचे असावे.

स्तर किती असावेत

मेनूत सातपेक्षा अधिक नोंदी नसाव्यात असे पुष्कळदा सांगितले जाते आणि त्यासाठी जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या सुप्रसिद्ध लेखाचा आधार दिला जातो. हा आधार गैरलागू आहे. मिलर यांचे विवेचन तात्कालिक स्मरणाच्या मर्यादेविषयी होते. साइडबारमधील नोंदी वाचकाला लक्षात ठेवावयाच्या नसतात, त्या त्याच्या डोळ्यांसमोरच असतात. केविन लार्सन व मेरी चेरविन्स्की यांनी १९९८ मध्ये ५१२ नोंदींच्या वेगवेगळ्या रचनांची तुलना केली. आठ-आठ नोंदींच्या तीन स्तरांची रचना ही १६ व ३२ नोंदींच्या दोन स्तरांच्या रचनांपेक्षा संथ ठरली. याचा अर्थ यादी कितीही लांबवावी असा नव्हे. पण विभागात उपविभाग आणि त्यात पुन्हा उपविभाग अशी उतरंड रचण्यापेक्षा दोन स्तरांवर थांबणे बरे.

देवनागरी क्रमाची अडचण

मराठी मार्गदर्शिकेच्या बाबतीत स्वयंचलित क्रमाचे आणखी काही धोके आहेत, आणि इंग्रजीतील सूचना वाचून काम करणाऱ्यास ते जाणवत नाहीत. फायलींची नावे सामान्यतः इंग्रजीत व शीर्षके मराठीत ठेवली जातात. अशा वेळी साइडबारचा क्रम न दिसणाऱ्या इंग्रजी नावांवरून लागतो आणि मराठी वाचकाला तो निव्वळ विस्कळीत वाटतो. फायलींची नावे देवनागरीत ठेवली तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे, तर मराठी वर्णमालेत ते 'ह' नंतर येते. 'क्ष' व 'ज्ञ' ही युनिकोडमध्ये जोडाक्षरे असल्याने नुसत्या संकेतांकांवरून क्रम लावल्यास ती अनुक्रमे 'क' व 'ज' यांच्या पोटात जातात. फायलीच्या नावाआधी क्रमांक घालण्याची युक्ती डॉक्युसॉरसमध्ये चालते, परंतु तो क्रमांक इंग्रजी अंकांतच असावा लागतो; देवनागरी अंक क्रमांक म्हणून ओळखले जात नाहीत. म्हणून मराठी संकेतस्थळावर प्रत्येक पानाला 'साइडबार पोझिशन' स्पष्टपणे द्यावी.

जागा बदलली तरी पत्ता बदलू नये

साइडबार एकदा रचून कायमचा संपत नाही. दरवर्षी त्यात फेरबदल होणारच. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलविली की सर्वसाधारणपणे पानाचा पत्ताही बदलतो, आणि परिपत्रकांत, ई-मेलमध्ये व विद्यार्थ्यांच्या गटांत पाठविलेले दुवे तुटतात. चांगले पत्ते बदलत नाहीत, हा आग्रह टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच धरला होता. डॉक्युसॉरसमध्ये 'स्लग' ही नोंद करून पानाचा पत्ता फोल्डरपासून वेगळा ठेवता येतो. ही नोंद पहिल्या दिवशीच करणे श्रेयस्कर. दुवे पसरल्यावर ती करण्यात फारसा अर्थ उरत नाही. फायलीच्या नावाआधीचा क्रमांक मात्र पत्त्यात उतरत नाही, त्यामुळे केवळ क्रम बदलल्याने दुवा तुटत नाही.

रचनेची चाचणी

भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर साइडबार एका बटणामागे लपतो, आणि दृष्टिबाधित वाचकाच्या स्क्रीन रीडरला तो प्रत्येक पानाच्या आरंभी आडवा येतो. दुसऱ्या अडचणीवर 'थेट मजकुराकडे जा' या दुव्याचा उपाय डॉक्युसॉरसमध्ये आधीपासूनच आहे. दोन्ही प्रसंगी वाचकाच्या हाती उरतात ते शीर्षकांचे शब्द. त्यांची परीक्षा संगणकावाचूनही घेता येते. विभागांची व पानांची नावे एका कागदावर लिहावीत. सात-आठ प्रत्यक्ष कामे, उदाहरणार्थ 'गैरहजर विद्यार्थ्याचे गुण कसे भरावेत', ज्यांचा या लेखनाशी संबंध आलेला नाही अशा सहकाऱ्यांना एकेक करून द्यावीत. त्यांनी कागदावर प्रथम कोठे बोट ठेवले तेवढेच टिपावे, त्यांना समजावून सांगू नये. ज्या कामासाठी बोटे वेगवेगळ्या विभागांवर पडली, त्या विभागांची नावे बदलावीत किंवा ते एकत्र करावेत आणि चाचणी नव्या सहकाऱ्यांवर पुन्हा घ्यावी. 'साइडबार्स डॉट जेएस' ही फाइल लिहावयास घ्यावयाची ती त्यानंतर.