औषधाच्या नावातले ‘हायड्रोब्रोमाइड’

बुदैयाला लेकाकडे राहायला आल्यापासून औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायची मला सवय लागली आहे. खोकल्याच्या बाटलीवर ‘डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड’ असे लिहिलेले असते. आपली मंडळी विचारतात, ‘‘हे ॲसिड ना? पोट जाळेल का?’’ नाही जाळणार.

हायड्रोब्रोमिक ॲसिड नुसते असेल तर फार जहाल. कातडीला लागले तर भाजते. पण पुष्कळ औषधांचा मूळ पदार्थ अल्कलीच्या जातीचा असतो आणि पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचा या ॲसिडशी संयोग झाला की क्षार तयार होतो. ॲसिडचा जहालपणा जातो, औषध चांगले विरघळते आणि टिकते. हायड्रोब्रोमाइड म्हणजे हा क्षार.

ब्रोमाइडचे नाव बदनाम झाले ते जुन्या काळी. १८५७ पासून फिट्सवर पोटॅशियम ब्रोमाइड देऊ लागले, तेही ग्रॅमच्या मापाने. ते शरीरातून निम्मे जायलाच सुमारे १२ दिवस लागतात. रोज घेतले की साठत जाई आणि माणूस विसराळू, भ्रमिष्ट होई, अंगावर पुरळ येई. आजच्या १५ मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या क्षारात ब्रोमाइड असते जेमतेम ३ मिलिग्रॅम. सांगितल्या मापाने घेतले तर त्याची भीती नाही.

जपायचे ते नावाच्या पहिल्या शब्दाला. पेणकर आणि अष्टमकर दोघेही ‘कर’, म्हणून काही एका घरचे होत नाहीत. गॅलँटामिन हायड्रोब्रोमाइड स्मरणशक्तीसाठी देतात. हायोसिन हायड्रोब्रोमाइड प्रवासातल्या उलटीवर. ही दोन्ही एकमेकांच्या उलट काम करतात! शिवाय हायोसिनने म्हातारपणी लघवी अडू शकते, भ्रम होऊ शकतो. काचबिंदू असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. सिटॅलोप्रॅम हायड्रोब्रोमाइड उदासीनतेवर असते. ते किंवा त्या जातीची गोळी चालू असताना खोकल्याचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेतले, तर क्वचित घाम, कंप, ताप, गोंधळ असा गंभीर त्रास होतो. असे झाले तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

आपण मुंबई, बहरीन, इस्रायल असे मुलाबाळांकडे जात-येत असतो. देश बदलला की डब्यावरचे कंपनीचे नाव बदलते. औषधाचे मूळ नाव तेच राहते. म्हणून चालू गोळ्यांची मूळ नावे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. खोकल्याची साधी बाटली घेतानाही तो कागद औषधवाल्याला दाखवा. आणि नाव वाचून घाबरून चालू गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.