मार्कंड्या, मयूरखंडी आणि मयूरशिखा

विंचूरहून निफाड, पिंपळगाव बसवंत या मार्गाने वणीस जाताना सप्तशृंग गडासमोरचा मार्कंड्या पर्वत बहुतेक वैद्यबंधूंनी पाहिला असेल. चढून गेलेले मात्र थोडे. गेल्या श्रावणात आम्ही मुळाणे बारीतून वर गेलो. सातमाळा रांगेतील हा डोंगर सुमारे ४४०० फूट उंचीचा. वाटेत कातळात कोरलेल्या पायऱ्या व पाण्याची टाकी आहेत. सोमवती अमावास्येस येथे भाविकांची गर्दी होते.

मार्कंडेय ऋषी येथे बसून समोरच्या देवीस पुराण ऐकवीत, आणि ते ऐकण्यासाठीच देवीची मान किंचित कलली, अशी श्रद्धा आहे. वाढदिवसास तीळ व गूळ घातलेले दूध देऊन ज्या चिरंजीवाचे स्मरण आपण करतो, त्याचेच नाव पर्वतास मिळाले, हे वैद्यास सुखावणारे आहे. (निघंटूंतील मार्कंडिका, जी पुष्कळ जण सोनामुखी मानतात, ती मात्र येथे शोधू नये.)

परंतु नावाची दुसरीही कथा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७३०चा वणी ताम्रपट 'मयूरखंडी' येथून दिलेला आहे. काही संशोधकांनी मयूरखंडी म्हणजे हाच डोंगर मानला. मयूरखंडीचे मोरखंड आणि त्याचे पुढे मार्कंड्या झाले असावे, असा तर्क. बसवकल्याणजवळच्या मोरखंडीचाही दावा आहे. आम्हांस वणीच्या इतक्या जवळचे स्थळ अधिक पटते, तरी नामसादृश्यावर निर्णय देऊ नये हे व्यवसायानेच आम्हांस शिकविले आहे.

काही वर्षांपूर्वी एका अतिसाराच्या रुग्णास आम्ही मयूरशिखा योजली. भावप्रकाशाने ती पित्तकफज अतिसारात सांगितली आहे. चार दिवसांत काडीचा उपशय नाही. पुडा उघडून नीट पाहिले, तो आत वाळलेला कोंबडा! मखमली तुऱ्यामुळे त्यासही मयूरशिखा म्हणतात. व्यापाऱ्यास त्या नावाने तेच द्रव्य ठाऊक होते. न पाहता कुटावयास दिले, हा दोष आमचा. रुग्णास पुढे कुटजाने आराम पडला, परंतु त्याचे चार दिवस गेले ते गेलेच.

बहुतेक अभ्यासक ज्या नेच्यास मयूरशिखा मानतात, तो मार्कंड्याच्या वाटेवरील कातळाच्या भेगांत आम्हांस दिसला. वीतभरही उंची नाही. देठाच्या टोकास पंख्यासारखी चिरलेली पाने, जणू ताडाचे बाहुलीएवढे झाड. उन्हाळ्यात हा नेचा आकसून मेल्यासारखा दिसतो आणि पावसाने पुन्हा उलगडतो. औषधात पंचांग लागते, म्हणून मुळासकट उपटण्याची चाल पडली आहे. एका भेगेत दोन-तीनच रोपे असतात, हे पाहिल्यावर आमचा हात धजला नाही.

दोन पाने तेवढी आणली. दाबून वाळवून ती चिकित्सालयात त्या कोंबड्याच्या पुड्याशेजारी ठेवली आहेत. मयूरशिखेची मागणी नोंदविण्यापूर्वी ज्या औषधी दुकानदारांस दोन्ही पाहावयाची असतील, त्यांनी अवश्य यावे.