मुरलेली बर्गंडी

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या बोन गावी जुन्या तळघराच्या पायऱ्या उतरताना आधी अंगाला गारवा लागतो, मग नाकाला बुरशीचा वास येतो. भिंतींवर, कमानींवर, बाटल्यांवरही काळी मऊ बुरशी असते आणि ती कोणी पुसत नाही. जी ओल तिला जगवते तीच बुचालाही हवी असते. हवा कोरडी पडली की बूच आकसतं आणि वाइन बिघडते. म्हणून बाटल्या आडव्या, दिवा कामापुरता आणि तापमान बारा महिने 12-13 अंशांच्या आसपास.

एवढी बडदास्त पिनो न्वारची. इथल्या कोत द'ओर या चुनखडीच्या उतारावरच्या नामांकित रेड वाइन याच एका द्राक्षाच्या. त्याची साल पातळ, त्यामुळे रंग मुळातच फिका. कोवळ्या वाइनला रासबेरीचा, चेरीचा वास येतो. मग बऱ्याच बाटल्या काही वर्षं रुसून बसतात: वास गायब, जिभेवर नुसता आंबट-तुरटपणा. 2005 सालच्या वाइन यासाठी बदनाम आहेत. अशा वेळी उघडलेली महागडी बाटली म्हणजे पैसे पाण्यात. आत मात्र काम चालूच असतं. तुरटपणा आणणारं टॅनिन आणि रंगद्रव्यं यांचे रेणू एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. गाळ म्हणतात तो हाच. वाइन मुरते ती अशी, बरंच काही टाकून देत.

आमच्यासाठी याच उतारावरच्या व्होल्ने गावची 1999 ची बाटली काढली होती. गाळ खाली बसावा म्हणून आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली. जुनं बूच मळसूत्राने भुगा होतं, म्हणून तळघर सांभाळणाऱ्या बाईंनी दोन पात्यांचा चिमटा बुचाच्या कडेने सरकवला आणि हळूहळू पिळत ते अख्खं बाहेर काढलं. मोठ्या भांड्यात ओतून हवा देणं वगैरे काही नाही. म्हाताऱ्या वाइनला तेवढी हवा सोसेलच असं नसतं.

ग्लासाच्या कडेला रंग विटकरी. पहिला वास कोंदट, जरा निराशच करणारा. दहा मिनिटांनी तो उडाला आणि खालून ओला पालापाचोळा, अळंबी, चामडं, वाळलेला गुलाब असं एकामागून एक वर येऊ लागलं. भर श्रावणात देवराईतली पानं पायाने उकरावीत तसा वास. फळ होतं, पण अगदी मागे. चव हलकी, पाणचट मात्र मुळीच नाही. घोट गिळल्यावरही कितीतरी वेळ तोंडात रेंगाळणारी. ज्यांना वाइनमध्ये दम हवा असतो त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला तर तिचं हे ओसरलेपणच आवडलं.

तासाभरात वास विरला. त्याच पेटीतली दुसरी बाटली उघडली, तर ती थकलेली निघाली: तपकिरी, शिळ्या सफरचंदासारखी. बाईंनी एकदा हुंगली, खांदे उडवले आणि स्वयंपाकघरात पाठवून दिली.