नमुना क्रमांक दोन

जातीचा दाखला असो, रेशनकार्ड असो की वनपट्ट्याची नक्कल, डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावात कागद म्हटला की आधी आठवते ती बुडालेली मजुरी. तालुक्याला खेप, झेरॉक्स, अर्ज लिहून देणाऱ्याचे पैसे. अशा मुलखात एक कागद मात्र बाईच्या हातात फुकट ठेवण्याची जबाबदारी कायद्याने एका अधिकाऱ्यावर टाकली आहे. घरातल्या छळाविरुद्ध न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण मागण्याचा तो अर्ज, म्हणजे नमुना क्रमांक 2.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 चा. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या कलम 9 नुसार तक्रारीचा विहित नमुना विनामूल्य देणं आणि मोफत वकील मिळवून देणं हे संरक्षण अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. बाईला लिहिता-वाचता येत नसेल तर अर्ज वाचून दाखवायचा आणि त्यातला मजकूर समजावूनही सांगायचा, असं नियम 6 म्हणतो. जिच्या घरात वारली बोलली जाते तिच्या दृष्टीने यातल्या समजावण्यालाच खरी किंमत आहे. छापील नमुना हाताशी नसेल तरी काम अडत नाही. अर्ज ‘शक्य तितका’ त्या नमुन्यासारखा असला की पुरे, म्हणजे कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेलाही चालतो.

त्याच्या जोडीला नमुना क्रमांक 1 असतो, घटनेचा अहवाल. हा अहवाल नीट वाचण्यासारखा आहे. त्यात मारहाणीचे रकाने आहेतच: थप्पड, लाथ, ढकलणं, चावा. पण पुढे मुलगा होत नाही म्हणून टोमणे, घराबाहेर पडायला बंदी, नोकरीला आडकाठी, जीव देण्याची धमकी यांच्यासाठीही जागा आहे. आर्थिक छळाखाली खायला-प्यायला, कपड्यालत्त्याला, औषधाला पैसे न देणं, तिची कमाई काढून घेणं, घरातून हाकलणं अशा गोष्टी नोंदवता येतात. चिकूच्या वाडीतली मजुरी नवरा दारूत उडवतो, ही बाब ‘घरगुती कुरबुर’ म्हणून बाजूला सारता येत नाही. तिच्यासाठी रकाना छापलेला आहे. हा तक्ता तयार करणाऱ्यांनी बायकांचं म्हणणं मन लावून ऐकलं असणार.

वारली समाजात या कायद्याची एक तरतूद विशेष मोलाची. पूर्वी लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा जन्मभर राबायचा. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली 1945 मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी ही गुलामी मोडली. लग्नाचा खर्च मात्र राहिलाच. त्यामुळे अनेक जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्नविधी करणाऱ्या धवलेरीला बोलावून रीतसर लग्न लावतात ते पुढे कधीतरी, सवडीने. मग ‘लग्न झालंच नाही’ असं म्हणून बाईला वाटेला लावता येतं का? नाही. लग्नासारखं नातंही या कायद्यात बसतं. किती काळ एकत्र राहिले, घर एक होतं का, मुलं झाली का, लोक त्यांना काय समजत होते, अशा गोष्टी न्यायालय पाहतं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 आणि 2013 च्या निकालांत या कसोट्या सांगितल्या आहेत. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही, हा कायदा मात्र लागू होतो.

गुजरात आणि दादरा-नगर हवेलीची हद्द जवळ, म्हणून आणखी एक गोष्ट. सासर उंबरगावला किंवा सिल्वासाला असलं, किंवा मारहाण वीटभट्टीवर झाली असली, तरी माहेरी कैनाडला परतलेली बाई इथल्या न्यायालयात अर्ज करू शकते. कलम 27 प्रमाणे ती जिथे तात्पुरती राहते तिथेही अर्ज चालतो, आणि मिळालेला आदेश देशभर लागू असतो.

नमुना मागायचा कुठे? संरक्षण अधिकाऱ्याकडे, किंवा न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे. 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही बाईला, आणि आदिवासींनाही, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. महिलांसाठीची मदतवाहिनी 181. हे हक्क तिला सांगणं पोलिसांवरही बंधनकारक आहे. ‘आधी अधिकाऱ्याचा अहवाल आणा’ असं म्हणून तिला परत पाठवता येत नाही. तो नसतानाही न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्पष्ट केलं. हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फीची माफी महाराष्ट्राने 1994 मध्येच दिली आहे.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून नमुना क्रमांक 3 चं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडायला हवं. त्यावरून समोरच्याची वाट न पाहता अंतरिम आदेश मिळू शकतो. आदेशाची प्रतही फुकट असते, आणि एक प्रत थेट पोलीस ठाण्यात जाते. पुढे त्याने पुन्हा हात उगारला, तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा होतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि दोष सिद्ध व्हायला एकट्या तिची साक्षही पुरू शकते.